उपाशी कोंबड्यांचा कौल

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट सावकाश चालायची. त्यामुळं तिच्यात शिरलेल्या माणसाला पद्माकरला गाठायला भरपूर वेळ मिळायचा.

"पद्माकरराव, एक विचारायचं राहूनच जातं," उल्हास म्हणायचा. हा वरच्या मजल्यावरचा, पुण्याचा, कॉम्प्युटरातला माणूस. "तो रोमन शिपायांचा मिथ्र देव. म्हणजे आपला वेदांतला मित्रच ना तो?"

पद्माकरच्या खांद्याला ऑफिसची बॅग, हातात भाजीची पिशवी, शर्टाची कॉलर घामानं मऊ पडलेली. रॅफल्स प्लेसवरनं निघून, धोबी घाटला गाडी बदलून, सेंगकांगला उतरून, पुन्हा ती खेळण्यातल्यासारखी एलआरटीची गाडी धरून गडी आलेला असायचा. तरी उत्तर द्यायचा.

"नाव एका मुळातलं आहे. देव वेगळा झाला. रोमन शिपाई त्याला गुहेत पुजायचे, आणि तो बैल मारतो."

"पण मूळ आपलंच की."

"बैल मारणारा देव आपला म्हणायचा असेल तर म्हणा. फक्त बेंदराला, बैलं ओवाळताना, आमच्या गावात येऊन बोलू नका."

उल्हास हसायचा, आपल्या मजल्यावर उतरायचा, आणि महिन्याभरानं पुन्हा तेच विचारायचा.

पद्माकर आमच्या गावचा. आजऱ्याच्या पलीकडं, जिथं भात पिकतं आणि माणसं कमी बोलतात, तिथला. गावच्या नात्यानं मला मामा म्हणतो. माझी लेक त्याच ब्लॉकमध्ये राहती, म्हणून मी वर्षातले दोन-तीन महिने तिथं असायचो आणि दुपारचा वेळ जाईना की ह्याच्या घरी जाऊन बसायचो. बँकेत तो इंग्रजी बोलायचा, महाराष्ट्र मंडळात पुणेरी बोलायचा, आणि दार लावून चपला काढल्या की आमची भाषा. आमची भाषा थकलेल्या माणसाला बरी पडती. तिच्यात ताठ बसावं लागत नाही.

कोल्हापुरात बी.कॉम. झाला, मुंबईत हिशेब लिहिले, आणि पोरगं पाच वर्षांचं असताना बायकोला घेऊन सिंगापूरला आला. काम असं की, एका बँकेचा आकडा दुसऱ्या बँकेच्या आकड्याशी जुळवायचा. जुळला की घरी जायचं, नाही जुळला की बसायचं. कुणी त्याला शाबास म्हणालेलं मी ऐकलं नाही, आणि कुणी शिव्या घातलेल्याही ऐकल्या नाहीत.

असल्या माणसाला रोमन फौजेचा नाद कशानं लागला? तर तिजोरीनं. नव्यानं आला तेव्हा घरात एसी नव्हता. रविवारी थंड बसायला म्हणून तो लायब्ररीत जायचा. तिथं एका पुस्तकात रोमन छावणीचा नकाशा होता. मधोमध देवघर, त्यात फौजेची निशाणं पुजलेली, आणि देवघराच्या खाली तळघरात तिजोरी. शिपायांचा पगार आणि त्यांची शिल्लक, दोन्ही त्या तिजोरीत. हिशेबातल्या माणसाला हे एकदम पटलं.

"बगा मामा, काय डोस्कं आहे," मला म्हणाला. "चोराला आधी देवावर पाय द्यावा लागणार."

"आपल्या गावात देवाची पेटी पाटलाच्या माडीवर होती."

"म्हणूनच तर म्हणतो."

तिथनं जे वाचायला लागला ते वाचतच राहिला. त्याचं हे खूळ घरापुरतं राहिलं असतं. पण एका वर्षी मंडळाच्या गणपतीत गाणारी बाई घसा बसला म्हणून आली नाही. लोक खुर्च्यांत बसलेले, चहा अजून उकळायचा होता. कुणीतरी पद्माकरला पाठीत हात घालून स्टेजवर ढकलला. हा घाबरला आणि घाबरल्यामुळं कोंबड्यांची गोष्ट सांगून बसला.

गोष्ट अशी. रोमन सरदार लढाईला निघायच्या आधी देवाची मर्जी बघायचे, ती कोंबड्यांकडनं. पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्यांपुढं दाणे टाकायचे. हावरटासारखं खाल्लं, खाताना चोचीतनं दाणा खाली सांडला, की शकुन उत्तम. खाल्लं नाही तर लढाई नाही. क्लॉडियस नावाचा एक सरदार होता, त्याच्या आरमाराच्या वेळी कोंबड्या खाईनात. तो वैतागला. म्हणाला, खात नाहीत तर पाणी तरी पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात टाकून. लढाई तो वाईट हरला. झालं असं की, पुढं पुढं त्या कोंबड्या सांभाळणारा माणूसच शहाणा झाला. सरदाराला लढायचंय हे कळलं की तो पाखरांना आधीच उपाशी ठेवायचा. मग सकाळी कशा खाणार नाहीत?

लोक पोट धरून हसले. मीही हसलो, पण मला त्या सरदाराची कीव आली. खुडूक कोंबडी दाण्याला तोंड लावत नाही, आणि बोटीत हलायला लागलं की कुठलंच पाखरू खात नाही. हे कुणाच्याही म्हातारीनं सांगितलं असतं. पण सरदार लोक म्हातारीला विचारत नाहीत.

त्या दिवसापासनं पद्माकरच्या मागं प्रश्न लागले. गंमत म्हणजे प्रश्न नवे नसायचे. तेच ते, फक्त विचारणारं तोंड बदलायचं. खरंच का हो त्यांना पगार मिठात मिळायचा? नाही, नाण्यांत मिळायचा. मिठाचं लोकांनी रंगवून सांगितलंय. मग निराशा. जणू पद्माकरनंच त्यांच्या ताटातलं मीठ काढून घेतलं. ख्रिस्ती लोकांना का छळायचे, रोमनांना तर इतके देव चालायचे? ह्याला त्याचं उत्तर ठरलेलं होतं. गावानं जत्रेची वर्गणी काढली आणि एका घरानं दिली नाही, तर पाऊस चांगला असेपर्यंत कुणी बोलत नाही. दुष्काळ पडला की सगळ्यांना ते घर आठवतं. बादशहाच्या नावानं चिमूटभर धूप टाका म्हणायचे, हे टाकायचे नाहीत. एवढंच.

बुकित तिमाहच्या काँडोतल्या सविताबाईंची मुलगी इंटरनॅशनल स्कूलमध्ये. तिला दर वर्षी रोमन लोकांवर काहीतरी करायला लागायचं. सविताबाई रविवारी, नेमक्या जेवायच्या वेळेला फोन करायच्या. पद्माकर एका हातानं भात कालवायचा आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला धरायचा.

"लोकांना रोम नको असतंय, मामा," एकदा म्हणाला. "त्यास्नी त्यांचंच म्हणणं माझ्या तोंडनं ऐकायचं असतंय. मी म्हंजे देवळातला घंटा वाजवणारा."

"मग सांगू नगंस."

"न्हाई सांगितलं तर ते गर्विष्ठ म्हणत्यात. त्यापेक्षा सांगितल्यालं सोपं."

असा माणूस. वाद घालण्यापेक्षा थकणं बरं, असं त्याचं एकूण चालायचं. आणि एवढ्यात, दोन हजार सहा साली, त्याच्या घरातच एक वाद उभा राहिला.

पोरगं, रुचिर, अठराला आलं. सिंगापुरात त्या वयाला पोरांना दोन वर्षं फौजेत जावं लागतं. नागरिकांच्या पोरांना लागतंच, पण आईबापाच्या जोरावर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेल्या पोरांनाही लागतं. जायचं नसेल तर पोराची पीआर सोडायची. मग पुन्हा त्या देशात शिकायला, नोकरीला यायची आशाही जवळपास सोडायची. बापाचा परवानाही मग सुखानं वाढवून मिळत नाही, असं लोक बोलायचे. थोडक्यात, पोरगं फौजेत गेलं तर घर तिथं राहणार. नाही गेलं तर आज ना उद्या सगळं बिऱ्हाड उचलावं लागणार.

पद्माकरची बायको मीनल गडहिंग्लजची. बाई कामाला वाघ, पण पोराच्या बाबतीत तिचं काळीज पातळ. तिला रुचिरला पुण्याला भावाकडं धाडून इंजिनिअरिंगला घालायचा होता.

"ह्या देशाचं खाल्लंय आपण," पद्माकर म्हणाला. मी समोर बसलेलो होतो, पण माझी भीड दोघांनाही नव्हती.

"खाल्लं तुम्ही. आणि फेडायचं पोरानं होय?"

"अगं, सगळ्यांचीच पोरं जात्यात."

"सगळ्यांची जाऊ देत. त्याला साधा वरणभात नसला की तोंड वाकडं करतंय. बंदूक घेऊन चिखलात झोपणाराय का त्यो?"

"शिकंल."

"तुम्ही रोजच्याला पुस्तकात लढाया वाचता. एक दिवस तरी उभं ऱ्हायलाय का कुठं लाइनीत?"

"एलआरटीच्या लाइनीत उभा ऱ्हातो की रोज," पद्माकर म्हणाला. ती हसली नाही.

आठवडाभर हे असंच चाललं. रुचिर खोलीत कानात वायरी घालून बसलेला असायचा. त्याला कुणी काही विचारत नव्हतं. आमच्याकडं लग्नात नवरीला विचारत नाहीत, तसलाच प्रकार.

मग एका रविवारी सविताबाईंचा फोन आला. प्रश्न तसा जुनाच. रोमन फौजेत परकी माणसं असायची का? पद्माकरनं ठरलेलं उत्तर दिलं. असायची, जवळजवळ निम्मी फौज तसलीच. पंचवीस वर्षं चाकरी केली की त्यांना नागरिक करायचे, काशाच्या पत्र्यावर कोरून द्यायचे, आणि कितीतरी वर्षं पोराबाळांनाही त्यातनंच हक्क मिळायचा. फोन ठेवला. रुचिर पानावर बसलेला होता, कानातल्या वायरी गळ्यात लोंबत होत्या.

"सो दॅट टाइम फादर फाइट, सन गेट," तो तिकडच्या पोरांच्या, शेवटी 'लाह' लावायच्या इंग्रजीत म्हणाला. "आमचं रिव्हर्स, लाह. फादर गेट, सन फाइट."

चिडून नाही म्हणाला. हिशेब बरोबर आहे का, हे विचारावं तसं म्हणाला.

पद्माकरनं भाताचा घास उचलला, पुन्हा पानात ठेवला. एवढ्या वर्षांत त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, जो आधी कुणी विचारला नव्हता. तो पाणी प्याला आणि हात धुवायला उठला. मीनलनं त्याचं अर्धं पान उचललं, आणि मला वाटतं तेव्हाच तिनं ठरवलं, की हा माणूस आता स्वतः होऊन काही ठरवणार नाही.

"गावच्या रवळनाथाला विचारू," ती म्हणाली. "कौल लावू. द्येव सांगंल तसं. मग तुम्ही बी बोलायचं न्हाई, मी बी बोलायची न्हाई."

आमच्या भागात हे नवं नाही. विहीर कुठं खणायची, पोरगी कुठं द्यायची, म्हशी विकायच्या का ठेवायच्या, सगळ्याला कौल. गुरव देवाच्या अंगाला पाण्यानं फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. कुठल्या बाजूला काय, हे आधी बोलून ठेवायचं. जी पाकळी आधी पडती ते देवाचं म्हणणं. साक्षीला बाहेरचा एक माणूस लागतो. म्हणून मला बसवलं.

पद्माकर लगेच "बरं" म्हणाला. इतक्या लवकर तो चहालासुद्धा बरं म्हणत नसे.

ठरलं असं. उजवी पडली तर पोरगं फौजेत, डावी पडली तर पुण्याला. पुढच्या रविवारी गावात पद्माकरची थोरली बहीण अरुणा मोबाइल घेऊन देवळात उभी राहणार, तातोबा गुरव कौल लावणार, आणि आम्ही इथं स्पीकर लावून ऐकणार. तिकडं सकाळ होती, इकडं जेवायची वेळ होत आलेली. मीनलनं उदबत्ती लावली, फोन देवघराच्या फळीवर ठेवला. देवघर म्हणजे शेल्फचा एक कप्पा, त्यात रवळनाथाचा फोटो आणि गावाकडनं आणलेला एक गोटा.

"अरुणाक्का, ऐकू येतंय का?" पद्माकर.

"येतंय, येतंय. हितं दोन कुत्री भांडाय लागल्यात, थांब जरा. हाड! हां. लावल्या बघ तात्यानं पाकळ्या."

तातोबाचं गाऱ्हाणं ऐकू आलं. बा रवळनाथा, तुझं लेकरू समुद्रापल्याड हाय, वगैरे. फोनमधनं घंटेचा किरटा आवाज. मीनलनं डोळे मिटलेले. पद्माकर पंख्याकडं बघत होता.

"पडल्या," अरुणाक्का म्हणाली.

"कुठली?"

"दोन्ही. एकदमच पडल्या बघ."

आमच्यात दोन्ही एकदम पडल्या तर पुन्हा लावतात. पुन्हा लावला. पुन्हा दोन्ही एकदमच. मी देवळातले पुष्कळ कौल बघितलेत. पाकळी कधी घटकाभर हलत नाही, सगळे ताटकळत बसतात, कुणीतरी तंबाखू मळायला लागतो. लावल्या लावल्या दोन्ही गळायच्या, तेही दोन वेळा, असं मी पाहिलेलं नाही.

"तिसऱ्यांदा लाव म्हणावं," मीनल म्हणाली.

तिकडं काहीतरी धुसफुस झाली आणि तातोबानं फोन घेतला. म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, दात नसलेला. फोनमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचं, असा त्याचा समज.

"पद्माकर हाय का? आयक. लेका, परवा तू मला फोन केलास, उजवी कोरडी लाव म्हणून. आणि काल ह्या अरुणीनं तुझ्या बायकूचा सांगावा आणला, डावी कोरडी लाव म्हणून. मी दोघांचंबी आयकलं. दोन्ही कोरड्याच लावल्या. आता द्येवानं कुणाचं आयकायचं, ते तुमीच सांगा."

ओली पाकळी चिकटून बसती, कोरडी लगोलग गळती. हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. कुणी बोलत नाही एवढंच.

फळीवरची उदबत्ती जळत होती. नवराबायको एकमेकांकडं बघत होती आणि मी साक्षीदार म्हणून दोघांकडं.

"तुम्ही पण?" मीनल म्हणाली.

"आणि तू?"

"मी आई हाय त्याची."

"मग मी काय शेजारी हाय?"

आतनं हसण्याचा आवाज आला. रुचिर दारात उभा होता, हातात नूडल्सचा वाडगा. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"बाबा, धिस इज द चिकन स्टोरी, लाह," तो म्हणाला. "तुम्ही अँड आई बोथ, सेम चिकनवाला."

"तू आत जा," पद्माकर म्हणाला.

"नाही. तुम्ही गॉडला विचारलं, गुरवला विचारलं, आत्याला विचारलं. मला कोणी विचारलं?" त्याचं मराठी असंच होतं, घरात शिकलेलं, बाहेर कधी न वापरलेलं. "पुण्यात मी कोणाला ओळखतो? माझे फ्रेंड्स सगळे जातात. मी नाही गेलो तर मी कोण? टुरिस्ट? आय गो, लाह. तुम्ही साइन केलं ना, मी किंडरगार्टनमध्ये होतो तेव्हा. डिसाइड तर तेव्हाच झालं."

पद्माकरचे खांदे खाली आले. कुणीतरी त्याच्यावर ओझं टाकलं की उतरवलं, ते मला समजलं नाही.

मीनल पोराकडं बघत राहिली. "आणि मी काय करू दोन वर्षं?"

"आई, पहिले टू वीक्स सोडत नाही. मग वीकेंडला येतो घरी. लाँड्री पण आणतो."

"हालो, हालो," फोनमधनं तातोबा ओरडला, "आरं, बोला की कुणीतरी. नारळ फोडायचाय. कुणाच्या नावानं फोडू?"

"पोराच्या," पद्माकर म्हणाला.

मीनलनं पदरानं, म्हणजे ओढणीनं, तोंड पुसलं. "धुणं आण," ती पोराला म्हणाली. "पण खिसे बघून आण. माझं मशीन चिखलानं भरू नगंस." आणि स्वयंपाकघरात गेली. फोन बंद करायचा राहिला होता. तिकडं नारळ फुटल्याचा आवाज आला आणि मग फोनकार्डावरचे पैसे संपले.

संध्याकाळी आम्ही दोघं ब्लॉकखाली सिमेंटच्या बाकावर बसलो. समोर चिनी म्हातारे पट मांडून बसले होते.

"एवढी वर्षं लोकांना हसून सांगितलं मी," पद्माकर म्हणाला. "कोंबडीवाला कसा लबाड, सरदार कसे खुळे. आणि येळ आल्यावर पहिला फोन गुरवाला."

"तुला नेमकं काय पायजे होतं?"

"दुसऱ्या कुणीतरी ठरवायला पायजे होतं, मामा. पण मला पायजे तसं."

"आणि पोराला काय पायजे, ते?"

"ते विचारायचं भ्या वाटत होतं. न्हाई म्हणाला असता तर? पुन्हा तिकडं जाऊन, ह्या वयात, नव्यानं कुणाला सर म्हणायचं? माझ्यात ताकद न्हाई राहिलेली. पोराच्या जिवावर माझा आराम चाललाय, हे त्यानं गेल्या रविवारी एका वाक्यात सांगितलं. त्यात चूक कुठं हाय ते मी हुडकतोय."

समोरच्या एका म्हाताऱ्यानं सोंगटी आपटली, दुसरा शिव्या देत उठला. आम्हीही उठलो.

फौजेत जायचा दिवस आला तेव्हा मी गेलो नाही. टेकोंग नावाच्या बेटावर पोरांना नेतात, चांगीहून फेरीबोटीनं. आईबापालाही पहिल्या दिवशी बरोबर जाऊ देतात, काय कसं आहे ते बघायला. पुढचं मला मीनलनं सांगितलं. ती सगळं सांगती, काही गाळत नाही. त्यामुळं कशाला महत्त्व द्यायचं ते ऐकणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

बोटीत वारा होता, म्हणाली, एका बाईला उलटी झाली. उतरल्यावर रांगा, नावं, पुन्हा रांगा. बराकी दाखवल्या, खाटा दाखवल्या. खाट बरी होती. मग एका हॉलमध्ये सगळ्या पोरांना उभं केलं आणि हात वर करून शपथ दिली. एकजण पुढं म्हणायचा, बाकीचे मागनं. त्या वेळी हे, म्हणजे पद्माकर, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते, म्हणाली. मला माहीत होतं ते काय असणार. रोमन शिपायांत एकजण सबंध शपथ म्हणायचा आणि बाकीच्यांनी एकेकानं नुसतं "तेच माझंही" म्हणायचं. हेही पद्माकर लोकांना नेहमी सांगायचा. विचारायचे ना, शपथ कुणाची घ्यायचे म्हणून.

मग जेवायला नेलं. शिपायांच्याच भोजनखोलीत, शिपायांच्याच ताटात. कप्प्याकप्प्यांची थाळी, भात, भाजी, कोंबडीचा रस्सा, एक केळं. मीनलला भात कच्चट वाटला. तिनं दोन घास खाऊन ठेवून दिला. पद्माकरनं तर चमच्याला हातच लावला नाही, नुसता बसला.

"आणि पोरगं, मामा, असं खायला लागलं," मीनल म्हणाली, "की मलाच लाज वाटाय लागली. घरात वरणात मीठ कमी पडलं तर तोंड वाकडं करणारं. मान खाली घालून नुसतं चमच्यावर चमचे. आजूबाजूची पोरं बी तशीच. तोंडातनं शितं सांडाय लागलीती टेबलावर, खाली. मी म्हटलं, दमानं खा की. तर हे मला म्हणाले, खाऊ दे, बोलू नगंस. आणि वाकून टेबलाखाली बघाय लागले. म्हटलं, काय पडलं का तुमचं? तर न्हाई म्हणाले. मग मला विचारलं, सकाळी ह्यानं काय खाल्लंवतं का?"

"खाल्लंवतं का?" मी विचारलं.

"कुठलं. घशाखाली उतरना त्याच्या. पोहे तसेच ठिवून उठला. तसं सांगितलं मी ह्यांना. म्हटलं, पहाटेपासनं उपाशी हाय पोरगं."

"मग काय म्हणाला पद्माकर?"

"काय म्हणणार? 'असू दे' म्हणाले. आणि आपली सबंध थाळी उचलून त्याच्या म्होरं सरकवली."